लेकुरवाळ्यांची समुद्रकाठची सुटी: एकट्याने जाणं, झोपणं आणि परत घरात रुळणं

काठावरची (धागाकर्ती)

घरात लहान मूल असलेल्या आईने किंवा बाबाने दोन-तीन रात्री एकट्याने समुद्रकाठी जाऊन नुसतं पडून राहायचं आणि परत येऊन रोजच्या रगाड्याला लागायचं, एवढाच धाग्याचा विषय. जावं की जाऊ नये, पूर्वी कोण कुठे जायचं, यासाठी कृपया वेगळा धागा काढावा. इथे फक्त 'कसं' ते लिहू.

आधी रात्रींचा हिशोब. दोन रात्री म्हणजे हातात एकच पूर्ण दिवस, कारण पहिला प्रवासात जातो आणि शेवटचा आवराआवरीत. शिवाय अनोळखी जागी पहिल्या रात्री झोप सावध लागते. मेंदूचा एक भाग पहाऱ्यावर राहतो, हे झोपेच्या प्रयोगशाळांतही दिसलेलं आहे. म्हणजे दोन रात्रींतली धड झोपेची रात्र एकच. म्हणून तीन रात्री. चौथी मिळाली तर उत्तमच, पण घरी मागे राहिलेल्याचा दम साधारण तिसऱ्या रात्रीनंतर संपायला लागतो आणि ते फोनवरून कळतं. मग चौथ्या दिवशी विश्रांती कसली.

अंतर घरापासून चार तासांच्या आत. लांबचा किनारा जास्त सुंदर असेलही, पण "वेळ पडली तर आजच्या आज घरी पोचता येईल" हे माहीत असलं की माणूस खरोखर झोपतो.

खोली ठरवताना फोटो बघू नका, प्रश्न विचारा. 'समुद्राभिमुख' म्हणजे खिडकी समुद्राच्या दिशेला, पाणी दिसेलच असं नाही. म्हणून सरळ विचारायचं: पलंगावर बसून पाणी दिसतं का, आणि मध्ये रस्ता किंवा इमारत आहे का? पडदे गडद आहेत का? खोलीखाली स्वयंपाकघर, जनरेटर, तलाव किंवा कार्यक्रमाचं सभागृह आहे का? आणि एक प्रश्न कुणी विचारत नाही: एसीचा बाहेरचा भाग कुठे लावला आहे? खाऱ्या हवेत त्याचा पत्रा आणि स्क्रू लवकर गंजतात, मग रात्रभर खडखड. तो बाल्कनीत समुद्राच्या तोंडावर असेल तर दुसरी खोली मागा. खाऱ्या हवेने दारं-कुलपंही धरतात, म्हणून पोचल्या पोचल्या दार दोनदा आतून लावून-उघडून बघायचं, रात्री अकराला नाही.

पाण्यापासून पायी पाच मिनिटं चालेल, अगदी लाटांवर खोली हवी असा हट्ट नको. उधाणाच्या रात्री जवळून येणारा लाटांचा आवाज गाज राहत नाही, आदळआपट होते.

घरची व्यवस्था, अंगावर पिणारं बाळ, समुद्राची वेळापत्रकं आणि परतल्यावरचे पहिले दिवस यावर जाणकारांनी लिहावं.

ठोकळेबाज

घरच्या व्यवस्थेबद्दल. सगळी विश्रांती इथेच ठरते, किनारा नंतर.

काम सोपवणं आणि जबाबदारी सोपवणं यात फरक आहे. "आठ वाजता झोपव" हे काम झालं. "झोपेचं सगळं तुझ्याकडे, कसं करायचं ते तू ठरव" ही जबाबदारी. नुसती कामं सोपवली की निर्णय तुमच्याकडेच राहतात आणि दर दोन तासांनी "हे करू का?" म्हणून फोन येतो. त्यामुळे जाण्याआधी एक कागद करायचा. एकच पान, दोन्ही बाजूंनी, फ्रीजच्या दाराला. व्हॉट्सअपवर पाठवलेला मजकूर ऐन वेळी सापडत नाही.

पुढच्या बाजूला दिवस. वेळा नाही, क्रम लिहा. "उठल्यावर साधारण दोन-अडीच तासांनी पहिली डुलकी, त्याआधी डोळे चोळणं सुरू होतं" हे "साडेनऊला झोप" यापेक्षा उपयोगी, कारण मूल साडेपाचला उठलं तर साडेनऊचं गणित कोसळतं. झोपेची वस्तू कोणती, तिची दुसरी प्रत कुठे, दिवा किती, दार उघडं की बंद. रडल्यावर किती थांबून आत जायचं तेही लिहा, नाहीतर पहिल्याच रात्री घरातल्या दोन मोठ्यांचं त्यावरून वाजतं.

मागच्या बाजूला औषधं आणि फोन. इथे फार काळजीपूर्वक लिहायचं. लहान मुलांचं पॅरासिटामॉल ड्रॉप्स आणि सिरप अशा दोन रूपांत मिळतं आणि दोन्हींची तीव्रता वेगळी असते. ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिग्रॅ आणि सिरपमध्ये ५ मिलीत १२० मिग्रॅ असेल, तर "पाच मिली दे" हे सिरपचं माप चुकून ड्रॉप्सच्या बाटलीतून दिल्यावर डोस चौपटीच्या वर जातो. नेहमीचा हिशोब वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिग्रॅ, दोन डोसांत कमीत कमी ४ तास, २४ तासांत ४ हून जास्त डोस नाहीत. पण घरच्यांना हा हिशोब करायला लावू नका. मुलाच्या आजच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून आकडा मिलीत लिहून घ्या, तो त्या बाटलीवरच चिकटवा आणि दुसऱ्या प्रकारची बाटली घरातून हलवा. डोस दिल्याची वेळ कागदावर लिहायची, आठवणीवर ठेवायची नाही. दोन मोठी माणसं घरात असली की दोघंही "द्यायचं राहिलं वाटतं" म्हणून देतात.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप आला तर फोनवर चर्चा नाही, थेट डॉक्टर. हे लाल शाईत. सोबत मुलाची ॲलर्जी, लसीकरणाची नोंद, विम्याची प्रत, आणि सांभाळणारी व्यक्ती पालक नसेल तर "उपचाराला संमती आहे" असं सही केलेलं पत्र.

रंगीत तालीम झाल्याशिवाय जाऊ नका. जाण्याच्या दोन आठवडे आधी पूर्ण २४ तास, सकाळी आठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी आठ, सांभाळणाऱ्याकडे सगळं द्यायचं आणि तुम्ही घराबाहेर राहायचं. बहुतेक तालमी फसतात त्या पालक पलीकडच्या खोलीत बसल्यामुळे. मुलाला आवाज कळतो, वास कळतो, आणि सांभाळणाऱ्यालाही "विचारू का?" हा पर्याय राहतो. तालमीनंतर कागदात जे राहून गेलं ते भरायचं. हमखास राहणाऱ्या गोष्टी: गिझरचा खटका, कार सीटचा पट्टा, आणि कचऱ्याची गाडी कधी येते ते.

वाळूघड्याळ

हा धागा फक्त आयांसाठी आहे का? आणि अंगावरचं दूध चालू असेल तर विषय तिथेच संपतो का?

काठावरची

बाबांसाठीही तितकाच. शीर्षकात मुद्दाम 'लेकुरवाळ्यांची' आहे. उलट एक सुचवते: पहिल्याने निघायच्या आधी दुसऱ्याच्या रात्रींची तारीख कॅलेंडरवर लिहून टाकायची. तेवढ्याच रात्री, तीन महिन्यांच्या आत. एकाच्या सुटीचं दुसऱ्यावर कर्ज राहिलं की परतल्यावर ते प्रत्येक भांडणात वसूल होतं. दुधाचं जाणकार सांगतील.

दुधावरचीसाय

विषय संपत नाही, पण तयारी महिनाभर आधी सुरू करावी लागते. आकडे बघा म्हणजे का ते कळेल.

एक ते सहा महिन्यांचं बाळ दिवसाला साधारण ७५० मिली दूध पितं. तीन दिवसांचे झाले सव्वादोन लिटर. रोजच्या पाजण्याव्यतिरिक्त एकदा पंप करून ७५ मिली निघालं, तर साठा व्हायला तीस दिवस. शेवटच्या आठवड्यात एकदम काढू म्हटलं तर शरीर तेवढं देत नाही आणि बाळाच्या वाटणीचंच कमी पडतं. जादा पंप सकाळी पहिल्या पाजण्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने, कारण बहुतेकींना सकाळी दूध जास्त असतं. सहा महिन्यांनंतर वरचं खाणं नीट चालू झालं की गरज घटते आणि सगळंच सोपं होतं. मुदत ठरवायची मोकळीक असेल तर तेव्हा जा.

साठवण: २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास, फ्रीजमध्ये ४ अंशांना ४ दिवस, डीप फ्रीजरमध्ये उणे १८ला सहा महिने उत्तम. पिशव्या ६० ते १२० मिलीच्या, कारण एकदा बाळाने तोंड लावलं की उरलेलं दोन तासांत संपवायचं, नाहीतर टाकायचं. मोठ्या पिशव्या म्हणजे मोठी नासाडी. पिशवी गळ्यापर्यंत भरायची नाही, गोठताना दूध फुगतं. आडवी, सपाट गोठवली की लवकर वितळते आणि जागाही कमी लागते. तारीख दूध भरण्याआधीच लिहायची, ओल्या पिशवीवर शाई धरत नाही.

वितळवणं फ्रीजमध्ये रात्रभर. पूर्ण वितळल्यापासून २४ तासांत वापरायचं, परत गोठवायचं नाही. मायक्रोवेव्ह अजिबात नाही, मधे चटका बसेल इतकं गरम आणि कडेला गार अशी अवस्था होते. बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात धरायची.

ऐन वेळी घात होतो तो चवीने. काहींच्या दुधात स्निग्धांश तोडणारं लायपेज जास्त सक्रिय असतं आणि गोठवलेल्या दुधाला साबणासारखा वास येतो. दूध खराब नसतं, पण बाळ तोंड फिरवतं. म्हणून पहिली पिशवी आठवड्याने वितळवून बाळाला देऊन बघायची. तीस पिशव्या झाल्यावर हे कळण्यात अर्थ नाही. बाटलीची सवयही तीन-चार आठवडे आधी, आणि ती दुसऱ्या कुणी लावायची. आई समोर असताना बाटली कोण घेईल?

समुद्रकाठी गेल्यावर: बाळ जितक्या वेळाने पितं साधारण तितक्या वेळाने पंप. दिवसा तीन-चार तासांनी, रात्री एखादं पाच-सहा तासांचं अंतर बहुतेकींना चालतं. "झोपायला आलेय, पंपाला सुटी" असं केलं तर दुसऱ्या दिवशी छाती दगड होते. पण उलट टोकही नको. पार रिकामं व्हावं म्हणून पंप लावून ठेवला तर शरीर ती मागणी समजून आणखी बनवतं. नेहमी निघतं तेवढं काढायचं, मग दहा मिनिटं गार पट्टी. गाठीवर जोरात दाबून मालिश करू नका, सूज वाढते. तांबडा, गरम पट्टा, ताप आणि अंग मोडून येणं, आणि हे २४ तासांत उतरत नसेल तर डॉक्टर.

सामानात: पंपाचे पातळ रबरी व्हॉल्व्ह जादा घ्या. पंप 'बिघडला' म्हणतात तेव्हा निम्म्या वेळा मोटर ठीक असते, व्हॉल्व्ह ढिला पडून ओढ गेलेली असते. एक हातपंप. आणि खोलीत फ्रीज आहे का, तो रात्री कार्डाबरोबर बंद होतो का, हे आधी विचारा. बऱ्याच खोल्यांत किल्लीचं कार्ड काढलं की फ्रीजचीही वीज जाते. परतीला गोठवलेल्या आइसपॅकसह बंद कूलरमध्ये दूध २४ तास टिकतं.

रातराणी_७

झोपेबद्दल, कारण तिथे जाऊन लोक झोपच चुकवतात.

पहिल्या दिवशी दुपारी आडवं व्हायचं ते तीनच्या आत, एकतर वीस-तीस मिनिटं किंवा सरळ दीड तास. मधलं तासभर नको. गाढ झोपेतून उठलं की डोकं जड राहतं आणि संध्याकाळ वाया जाते. रात्री दहाच्या आत दिवे बंद. सकाळी मात्र दहा-अकरापर्यंत लोळू नका. घरच्या उठण्याच्या वेळेपेक्षा फार तर एक तास उशीर. थकवा भरून काढायचा तो लवकर झोपून, उशिरा उठून नाही. तीन दिवस अकराला उठून चौथ्या दिवशी पोराबरोबर सहाला उठायचं म्हणजे पाच टाइमझोन ओलांडून आल्यागत होतं. आणि समुद्रकाठी सकाळचा उजेड फुकट आहे. उठल्या उठल्या अर्धा तास बाहेर बसलं की रात्रीची झोप आपोआप पुढे सरकत नाही.

कॅफीन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात, त्यामुळे दुपारनंतर नको.

रडण्याचा भास होणार. पंखा, नळ, पक्षी, कशातही बाळाचं रडणं ऐकू येतं, लहान बाळांच्या पालकांत हे सर्रास आहे. कानात बोळे घालून ते थांबत नाही, शांततेत उलट वाढतं. एकसारखा आवाज, पंखा किंवा दुरून येणारी गाज, त्याने बरंच झाकलं जातं.

नारळी

@रातराणी_७, फोनचं काय? कानात बोळे आणि घरून फोन, दोन्ही कसं जमायचं?

रातराणी_७

'व्यत्यय नको' चालू करून दोनच नंबरांना सूट द्यायची: घरी सांभाळणारा आणि पर्यायी माणूस. ही सूट कॉलला मिळते, व्हॉट्सअप कॉलला मिळेलच असं नाही. घरच्यांना सांगून ठेवायचं की तातडीचं असेल तर साधा फोन. निघण्याआधी फोन 'व्यत्यय नको'वर ठेवून घरून कॉल करून बघायचा. आणि खोलीत नेटवर्क नसेल तर रिसेप्शनचा नंबर त्या कागदावर.

ठोकळेबाज

फोनवरून नेहमी वाद होतात म्हणून माझं मत मांडतो. दिवसातून एक ठरलेला निरोप, दुपारी, घरून तुमच्याकडे, एका ओळीचा: खाल्लं, झोपलं, ठीक. ठरलेला निरोप असला की मधल्या शांततेचा अर्थ 'सगळं ठीक' असा निघतो. ठरलेला नसला की तीच शांतता छळते.

घरातल्या कॅमेऱ्याचं ॲप फोनमधून काढून टाका. लॉगआउट नाही, काढून टाका. त्यात पोरगं रडताना दिसतं, पण पुढच्या मिनिटाला गप्प झालेलं बघायला आपण थांबत नाही, फोन लावतो. तो फोन उचलायला सांभाळणारा पोराला खाली ठेवतो. पुढचं सांगायला नको.

पाळण्याची_दोरी

सहमत, एक पुस्ती जोडते. दीड ते तीन वर्षांच्या मुलाला व्हिडिओ कॉल बऱ्याचदा महागात पडतो. आई दिसते पण पडद्यातून बाहेर येत नाही. करायचाच तर सकाळी, पाच मिनिटं, आणि मुलाला पुढे लगेच आवडीचं काहीतरी करायचं असेल अशा वेळी. झोपेच्या वेळी कधीच नाही. त्याऐवजी दोन-तीन गोष्टी आपल्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. चार-पाच वर्षांच्यांना मात्र कॉल चालतो, त्यांना सांगायचंच खूप असतं.

निघताना चोरून निघू नका. झोपलंय तोवर सटकू, हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात वाईट सल्ला. उठल्यावर माणूस नाहीसं झालेलं असतं आणि मग पुढचे कित्येक दिवस मूल झोपायलाच घाबरतं. छोटा, ठरलेला निरोप, आणि लगेच दाराबाहेर. दहा मिनिटांचा हृदयद्रावक निरोप मुलाला सांगतो की काहीतरी भयंकर घडतंय.

'गुरुवारी येणार' हे तीन वर्षांच्या मुलाला कळत नाही. 'तीन झोपा झाल्या की' कळतं. कागदाच्या तीन कड्यांची साखळी करायची आणि रोज सकाळी एक कडी फाडायची. फाडायचं काम मुलाचं. दीड-दोनपेक्षा लहान असेल तर याचा काही उपयोग नाही, तिथे रोजचा क्रम आणि ओळखीचा माणूस एवढंच चालतं. आठ ते अठरा महिन्यांत दुरावा सगळ्यात जड जातो. टाळता आलं तर पहिली सुटी त्या काळात ठेवू नका, टाळता येत नसेल तर तालीम दोनदा करा.

सुकाणू

आता समुद्र. लोक खोली बघतात, चादर बघतात, भरती-ओहोटी बघत नाहीत.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं, म्हणून रोजची वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते. काही समुद्रांत दिवसातून एकच भरती असते, त्यामुळे त्या किनाऱ्याचा तक्ता बघितल्याशिवाय काही गृहीत धरू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण: पाणी फार वर येतं आणि फार आत जातं. अष्टमीच्या सुमाराला भांग: चढउतार कमी. नुसतं पडून राहायला जायचं असेल तर भांगाचे दिवस निवडा. किनारा दिवसभर सारखाच राहतो, खुर्ची उचलत बसावी लागत नाही.

पाणी सारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांच्या चढावाचे बारा भाग धरा: पहिल्या तासात एक, मग दोन, मग तीन, तीन, दोन, एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. ओहोटीला खडकांवरून किंवा उघड्या पडलेल्या वाळूच्या पट्टीवरून पलीकडे गेलेला माणूस पहिला तासभर "काही फारसं वाढलं नाही" म्हणतो आणि तिसऱ्या तासात अडकतो. पुस्तक घेऊन गेलेला माणूस तर हमखास. ओहोटीच्या सर्वांत खालच्या वेळेच्या आधी जायचं आणि पाणी परतायला लागलं की निघायचं. फोनवर गजर लावा.

वाळूवर ओल्या काड्यांची, शेवाळाची जी रेघ दिसते ती मागच्या भरतीची. बसायचं तिच्या वर. उधाण वाढत असलेल्या दिवसांत आणखी चार पावलं वर.

पाण्यात उतरणार असाल तर जिथे जीवरक्षक आहेत तिथेच. वर लाल, खाली पिवळा असे दोन झेंडे रोवलेले असतात, त्यांच्या मधली जागा पोहण्याची. लाल झेंडा म्हणजे धोका, दोन लाल म्हणजे पाणी बंद, जांभळा म्हणजे जेलीफिशसारखे जीव. फुटणाऱ्या लाटांच्या मधे जो गडद, शांत पट्टा दिसतो, तिथे उतरावंसं वाटतं, आणि तिथेच पाणी आत ओढलं जात असतं. तो रिप करंट. तो पाण्याखाली खेचत नाही, किनाऱ्यापासून दूर नेतो. माणूस बुडतो तो त्याच्याविरुद्ध पोहून थकल्यामुळे. सापडलात तर तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, ओढ कमी झाली की किनाऱ्याला समांतर पोहून बाजूला या आणि मग लाटांबरोबर आत. एकट्याने आलेल्याने कमरेपेक्षा खोल जायचंच नाही, असं माझं स्पष्ट मत. काठावर बघणारं कुणी नसतं.

वारा: उन्हाळी, निरभ्र दिवसांत सकाळी शांत, दहा-अकरानंतर समुद्राकडून सुरू, दुपारी जोरात, सूर्यास्ताला पडतो. वाचत पडायची वेळ त्यामुळे सकाळची. छत्री रोवताना दांडा मागेपुढे हलवत निदान दीड-दोन फूट खाली न्या आणि वरचा भाग वाऱ्याच्या दिशेला कलता ठेवा. उलट कलवली की वारा आतून भरतो आणि छत्री भाल्यासारखी उडते.

काठावरची

@सुकाणू, छत्रीवरून आठवलं, उन्हाचंही लिहिते. छत्रीखाली बसलं म्हणजे सुटलो असं नाही. कोरडी वाळू अतिनील किरणांपैकी सुमारे १५ टक्के परत फेकते, लाटांचा फेस २५ टक्के, आणि गार वाऱ्यात भाजल्याचं कळतच नाही. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा वर, बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं, दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर परत. लोक फार कमी लावतात. मोठ्या माणसाच्या सर्वांगाला एका वेळी साधारण ३० मिली लागतं, म्हणजे ५० मिलीची ट्यूब दोनदाही पुरत नाही. पूर्ण बाह्यांचा सैल सदरा घातला की अर्धं काम कमी. पायांची वरची बाजू आणि गुडघ्यामागचा भाग विसरू नका, पालथं पडून वाचणाऱ्यांचं नेमकं तेच भाजतं.

दुधावरचीसाय

बाळंतपणाला फार दिवस झाले नसतील त्यांच्यासाठी: रक्तस्राव पूर्ण थांबेपर्यंत, टाके भरेपर्यंत आणि डॉक्टर तपासून 'हो' म्हणेपर्यंत पाण्यात डुंबायचं नाही. घोटाभर पाण्यात चालायला हरकत नाही. तेही जपून. मऊ वाळूत चालायला सपाट जमिनीच्या दुपटीहून जास्त ताकद लागते आणि उतरत्या किनाऱ्यावर एक पाय सतत खाली पडतो, त्याने आधीच दुखरी कंबर आणखी भरते. भिजून घट्ट झालेल्या सपाट पट्ट्यावर, पहिल्या दिवशी वीसेक मिनिटं. जाताना समुद्र उजवीकडे असेल तर त्याच वाटेने परत या, म्हणजे उतार दोन्ही पायांना सारखा मिळतो.

नारळी

मुलं आजी-आजोबांकडे ठेवायची असतील तर काही वेगळं?

ठोकळेबाज

दिवस त्यांच्याकडे, रात्र त्यांच्याकडे नाही. सत्तरीतल्या माणसाला दिवसभर पोरामागे धावणं एक वेळ झेपतं, रात्री तीनदा उठणं नाही. आणि ते तसं सांगत नाहीत, "आम्हाला काही त्रास नाही" म्हणतात. रात्री दुसरा पालक, मावशी, काका, कुणीतरी. आजी-आजोबांची स्वतःची औषधं मुलाच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवली आहेत का तेही बघा. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या उशाशी, उघड्या डब्यात असतात, आणि लहान मुलाला त्यातली एकसुद्धा धोक्याची ठरू शकते.

पाळण्याची_दोरी

परतीबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून.

घरी पोचायची वेळ निवडा. मुलाची झोप झालेली, पोट भरलेलं आणि पुढे निदान तीन तास जाग असेल अशी, म्हणजे बहुतेकांना दुपारची झोप झाल्यावर चारच्या सुमारास. रात्री आठला पोचणं सगळ्यात वाईट. थकलेलं मूल तुम्हाला बघून पेटतं, झोपेचा क्रम मोडतो, आणि तीन दिवस नीट सांभाळलेल्या माणसाला वाटतं आपल्यामुळेच झालं.

दारातून आल्यावर उचलायला झेपावू नका. जमिनीवर बसा आणि थांबा. काही मुलं धावत येतात, काही पाठ फिरवतात, काही सांभाळणाऱ्याला घट्ट चिकटतात. एक-दोन वर्षांचं मूल तासभर ओळखच दाखवत नाही असंही होतं. विसरलेलं नसतं, राग आलेला असतो. तो निघतो त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी, क्षुल्लक कारणावरून मोठ्या आकांताने, आणि फक्त तुमच्यावर. हे अपेक्षित आहे. दोन-चार दिवस मागे लागणं, रात्री जास्त वेळा उठणं, आलेली शू-शीची सवय मागे जाणं, सगळं चालतं. दोन आठवड्यांवर गेलं तर डॉक्टरांशी बोला.

मोठी भेटवस्तू आणू नका. पुढच्या वेळी तुमच्याऐवजी पिशवीची वाट बघितली जाते. शिंपला आणणार असाल तर आत जीव नाही ना, तिथून नेण्यास बंदी नाही ना, हे बघा, आणि तीनपेक्षा लहान मुलाच्या हातात तोंडात मावेल असा देऊ नका.

घर आहे तसं स्वीकारा. भांडी भलत्या फळीवर असतील, मोजे उलटे असतील. पहिल्या दिवशी त्यातलं एकही बोलून दाखवायचं नाही. "हे असं नाही ठेवत आपण" एवढं एक वाक्य ऐकलं की पुढच्या वेळी सांभाळणारा प्रत्येक गोष्ट विचारून करतो, आणि ठोकळेबाज म्हणतात ती जबाबदारी पुन्हा तुमच्याकडे येते. त्या रात्री मात्र सांभाळणाऱ्याला पूर्ण झोप. तुम्ही झोपून आलाय, रात्रपाळी तुमची.

कामावर रुजू व्हायचं असेल तर मधे एक पूर्ण दिवस घरी. सुटीच्या शेवटच्या संध्याकाळी पोचून सकाळी कामावर, हे टाळा.

वाळूघड्याळ

मनःपूर्वक आभार सगळ्यांचे. प्रिंट काढते आहे. @सुकाणू, भरतीचा तक्ता एका बंदराचा मिळाला, किनारा तिथून बराच लांब आहे. तो चालेल?

सुकाणू

अंदाजाला चालेल, खडकांवर जायला नाही. तक्त्यातली वेळ त्या बंदराची असते. खाडीच्या आत भरती उशिरा पोचते, आणि दोन किनाऱ्यांत अर्ध्या-पाऊण तासाचाही फरक पडू शकतो. पोचल्यावर पहिल्याच दिवशी पाणी सर्वांत वर आलं ती वेळ स्वतः बघून लिहा, तक्त्याशी ताडा. जो फरक येईल तो पुढच्या दोन दिवसांत मिळवा किंवा वजा करा. आणि तक्ता प्रमाणवेळेत आहे की उन्हाळी वेळेत तेही वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचा. जिथे घड्याळं बदलतात तिथे एका तासाचा घोळ याच ओळीमुळे होतो.